शेख सरांची सरळ रेघ

गणिताच्या माणसांवर माझा पहिल्यापासून राग. शाळेत या विषयानं मला इतकं रडवलं, की पुढे मराठी शिकवायला लागले तेव्हा बरं वाटलं, सुटले एकदाची. पण नशीब बघा. एटापल्लीच्या कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झाले, तर शिक्षकांच्या खोलीतलं माझं टेबल नेमकं गणिताच्या शेख सरांच्या टेबलाला खेटून. मधे चहाचा कप ठेवायलाही जागा नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, की मला गणितातलं काही सांगायचं नाही. ते म्हणाले, "नाई सांगत बाई. पण विचारलं तर सांगन."

उंच, वाळका माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात औषधाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी आणि त्या डबीत खडू. कॉलेजच्या खोक्यातला खडू फळ्यावर किरकिरतो म्हणून स्वतःचे खडू चंद्रपुरातून आणायचे. फळा हातानं पुसलेला त्यांना सहन व्हायचा नाही, ओल्या फडक्यानंच पुसायचा. आणि गणित सोडवताना बरोबरची चिन्हं एकाखाली एक अशी यायची, की मागच्या बाकावरून बघितलं तर फळ्यावर खांब उभा केल्यासारखं दिसायचं. पोरानं उत्तर चुकवलं तर 'चूक' म्हणायचे नाहीत. 'परत एकदा' म्हणायचे. आम्ही इतर लोक वर्गात ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचो आणि ह्यांचं आपलं 'परत एकदा, परत एकदा'. सायकल होती, पण तिच्यावर बसलेले मी क्वचित पाहिले. सायकल हातात धरून चालायचे. मी एकदा चिडवलं, की सर, ही तुम्हाला फिरवते का तुम्ही हिला? तर म्हणाले, सोबत असते.

घर चंद्रपूरचं. भावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं तिथं, शिकलेले हे एकटेच. बायको वारून बरीच वर्षं झालेली. एकच मुलगा, अन्वर. त्याला एकट्यानं वाढवला, नागपूरला इंजिनियर केला, आणि तो अमेरिकेत कुठल्याशा गावी कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला. चंद्रपूरच्या आसपास बदली मागता आली असती, पण सरांनी कधी अर्जच केला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथी जाऊन काय करू? भावाच्या घरी मी पाव्हणाच." तेव्हा ते बोलणं मला तिरसट वाटलं होतं. माझे यजमान चंद्रपूरला आणि मी इथे एका खोलीत, मला बदलीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

आता सरांच्या त्या मशीनचं सांगते. अन्वरनं ते कोणा ओळखीच्याबरोबर नागपूरपर्यंत पाठवलं आणि तिथून ते एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती एटापल्लीला आलं. आम्ही सगळे बघायला जमलो. कॅल्क्युलेटरच, पण विटकरीएवढा जाड आणि वर करडा पडदा. समीकरण टाकलं की त्याचा आलेख त्या पडद्यावर स्वतःच निघायचा. डावीकडून उजवीकडे, ठिपक्याला ठिपका जोडत, मुंगी भिंतीवरून जावी तसा. शेख सरांनी तो रुमालात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. वर्गात उघडायचे तेव्हा पोरं श्वास रोखून बघायची. प्राचार्यांना ते पसंत नव्हतं. परीक्षेत लॉगचं पुस्तक चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही, मग उगीच हे खूळ कशाला? सरांनी वाद घातला नाही. त्यांनी नियम केला. आधी पोरांनी आलेख कागदावर हातानं काढायचा, पेन्सिलीनं, सगळे बिंदू मांडून. मग मशीन बाहेर येणार. म्हणायचे, "आधी तू काढ. मशीन नुसतं साक्ष देईन." मशीन बाकाबाकावरून फिरायचं, आणि हॉस्टेलची जी पोरं एरवी तोंड उघडत नसत, ती आपला कागद आणि पडदा शेजारी शेजारी धरून 'जुळलं, जुळलं' करत राहायची.

माझ्यावरही एकदा त्या मशीनची संक्रांत आली. हॉस्टेलच्या मागे भाजीची बाग करायची होती आणि ते लचांड माझ्या गळ्यात पडलं होतं. एका बाजूला हॉस्टेलची भिंत, बाकी तीन बाजूंना बांबूची ताटी बांधायची. ताटी साठ फूट मिळाली. मी सरळ हिशेब केला, वीस, वीस आणि वीस. शिपायानं अर्धी बांधूनही टाकली. तेवढ्यात शेख सर सायकल घेऊन आले, उभे राहिले, ताटी न्याहाळली. मग खिशातून मशीन काढलं, टकटक केलं आणि माझ्यासमोर धरलं. पडद्यावर टेकडी. म्हणाले, ही तुमच्या बागेची जागा आहे बाई, तुम्ही टेकडीच्या उतारावर बसल्या, शेंड्यावर जा. म्हणजे काय करायचं? तर रुंदी पंधरा घ्यायची आणि लांबी तीस. तेवढ्याच ताटीत पन्नास चौरस फूट जागा जास्त. मी म्हटलं, सर, मला मेथी लावायची आहे, राज्य नाही करायचं. पण माणूस हटेना. शेवटी शिपायानं शिव्या देत ताटी सोडली आणि परत बांधली. आणि झालं काय, की तीस फुटांची ती लांबी थेट हातपंपाच्या वाटेवर आली. पोरींनी चार दिवसांत मधूनच खिंडार पाडलं आणि त्यातून बकऱ्या शिरल्या. मेथी बकऱ्यांनी खाल्ली. मी सरांना ते ऐकवलं तर शांतपणे म्हणाले, "पण बकऱ्याईले जागा जास्त भेटली ना." असा हा गृहस्थ. त्यांच्यावर रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मशीनचे सेल एटापल्लीत मिळत नसत. आपल्या रेडिओच्या पेन्सिल सेलपेक्षाही ते बारीक. नवे चंद्रपूरहून येईपर्यंत सर जुनेच सेल कॉलेजच्या कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात वाळत घालायचे, आपण टॉर्चचे घालतो तसे, आणि स्वतः तिथेच वही तपासत बसायचे, माकडांनी नेऊ नयेत म्हणून. कुरडयांना राखण बसावं तसे. येणारेजाणारे हसायचे. मीही हसायची.

आता रविवारचं सांगते. स्टँडशेजारी राजन्नाचं एसटीडी बूथ होतं. रविवारी सकाळी तिथे मी असायची, घरी फोन लावायला, आणि शेख सर असायचे, अन्वरचा फोन यायचा म्हणून. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र. राजन्नानं बाहेर एक बाकडं टाकलेलं, त्यावर आम्ही दोघं. सर धुतलेला सदरा घालून, दाढी नीट करून येत, फोनवर पोराला दिसणारच आहे अशा थाटात. फोन यायचा. बूथचं दार नीट लागत नसे, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं ऐकू यायचं. तब्येत कशी आहे, ठीक. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. नमाज पढतोस का, हां अब्बा. झालं. पुढे दोघंही गप्प. बापानं आयुष्यभर पोराशी गणितातच बोलून घेतलेलं, आणि पोराला आता गणितात अडत नव्हतं. दोन मिनिटांत सर बाहेर यायचे आणि उगाच राजन्नाच्या पंख्याकडे बघत उभे राहायचे.

मशीन आल्यावर पहिल्याच रविवारी ते एक प्रश्न घेऊन गेले. साइनचा आलेख काढला, तर लाट यायला हवी. इथे रेघ आपली सरळ. आडव्या अक्षावर झोपलेली, हलायला तयार नाही. तो प्रश्न खरा होता. झालं होतं असं, की आम्ही सगळे लॉगच्या पुस्तकावर वाढलेले, आमचे कोन तीस, पंचेचाळीस, साठ अंशांचे. तीस अंशांची साइन म्हणजे अर्धा, हे पोरांनाही झोपेत पाठ. सरांनी मशीनला तेच विचारलं तर त्यानं भलतंच उत्तर दिलं, कारण ते कोन रेडियन नावाच्या मापात मोजत होतं. म्हणून सरांनी ते अंशांत बसवलं. अर्धा बरोबर आला. पण मग पडद्यावर मावणार किती, इकडे दहा अंश आणि तिकडे दहा. तेवढ्यात लाट उठायला वेळच नाही. रेघ सरळच दिसणार.

अन्वर फोनवर खो खो हसला. मला बाहेर ऐकू आलं. "अब्बा, मोड देखो, मोड! डिग्री में रखा होगा." मग त्यानं कोणतं बटण, कुठला बाण, सगळं सांगितलं. सर "अच्छा, अच्छा, फिर?" करत राहिले. त्यावरून अन्वरला आठवलं, की लहानपणी अब्बांनी त्याला ताटाच्या कडेनं कोन शिकवले होते. त्यावरून आई निघाली, आईच्या हातचा शिरा निघाला. मला फोन करायला किती उशीर झाला म्हणून सांगू. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. लग्नघरातून आल्यासारखा माणूस दिसत होता.

त्याच आठवड्यात त्यांनी वर्गात अंश आणि रेडियन असं काही शिकवलं, की शेजारच्या वर्गात मी कविता थांबवून ऐकलं. गणित न कळणाऱ्या मला कळलं, यावरून काय ते ओळखा.

आणि पुढच्या रविवारी बूथमधून आवाज आला, "बेटा, वो साइन का... लकीर फिर सीधीच आ रही."

मी बाकड्यावर ताठ बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण हा माणूस फळ्यावर एक चिन्ह वाकडं येऊ देत नसे. ते बाहेर आले तेव्हा मी पर्समध्ये सुटे पैसे शोधत होते. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. मग दर रविवारी असं काही तरी. दोन आलेख कुठे मिळतात ते कसं काढायचं, टेकडीचा शेंडा कसा शोधायचा (माझ्या मेथीचा बळी घेतलेला तोच शेंडा), आणि काही नसेल तर हमखास ती सरळ रेघ. अन्वर समजावून सांगायचा. सुरुवातीला हसत, मग संयमानं, मग जरा थकून. सर आपले "अच्छा, फिर?"

एके रविवारी फोन लवकर आला. सर पोचले नव्हते. राजन्नानं मला बोलावलं, म्हणाला, तुमच्यासाठीच आहे बाई. अन्वर होता. म्हणाला, मॅडम, अब्बा ठीक आहेत ना? तीच गोष्ट दहादा सांगितली तरी विसरतात, मला भीती वाटते, आमच्या आजोबांचंही म्हातारपणी असंच झालं होतं. खरं सांगून टाकणं किती सोपं होतं. पण ते बाहेरून सांगायचं काम माझं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या पोराचा रागही आला होता. म्हटलं, "बाळा, मी मराठीची. मला यातलं काय कळतं? तू एकदा येऊन बघून जा."

आणि तो निघालाच. दोन आठवड्यांची रजा काढून. अब्बांना नागपूरला डॉक्टरकडे दाखवायचं आणि तसं काही निघालं तर सरळ सोबत अमेरिकेला न्यायचं, असं त्यानं फोनवर सांगितलं. सर त्या दिवशी दुपारी माझ्या खोलीच्या दारात आले, सायकल धरून. आत यायला तयार नाहीत.

"पोरगा समजून राह्यला का मले भूल पडते."

"मग पडू द्या की," मी म्हटलं. "सोबत राहाल. इथे काय ठेवलंय? सेल वाळवता ते?"

"म्हणजे त्याच्यासमोर गणित चुकवू?"

"फोनवर इतके दिवस काय करता मग?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरानं भूमितीत भलतंच गृहीत धरलंय. म्हणाले, "फोनवर मी खोटं नाई बोललो बाई. मी प्रश्न विचारला. प्रश्न खोटा नसते. उत्तर खोटं असते."

मग जरा वेळ घंटीशी चाळा करत उभे राहिले आणि म्हणाले, बघू. जाताना वळून परत म्हणाले, बघू. त्या एका शब्दावरून मला कळलं, की माणसाला जायचं होतं. मनापासून जायचं होतं.

अन्वर चांगला मुलगा होता, माझा राग त्याला बघताच निवळला. बापासारखाच उंच. आल्या आल्या त्यानं सरांच्या घराची झाडलोट केली, मला जेवायला बोलावलं, स्वतः डाळ-भात केला. जेवण झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो होतो. तो हळूच म्हणाला, अब्बा, तो साइनचा आलेख काढून दाखवा ना. लहान मुलाला विचारावं तसं विचारलं. सरांनी रुमाल सोडला. मशीन अंशांतच ठेवलेलं होतं, ते मला माहीत होतं, कारण सकाळीच त्यांनी मला तसं सांगितलं होतं. म्हणजे काही करायचंच नव्हतं. साइन दाबायचं, एक्स दाबायचं, आलेखाचं बटण दाबायचं आणि सरळ रेघ आली की पोराकडे बघायचं. एवढंच. मी मनात म्हणत होते, सर, एकदा. आयुष्यात एकदा.

त्यांनी साइन दाबलं. एक्स दाबलं. आणि त्यांचा अंगठा आपोआप मोडच्या बटणावर गेला. बाण खाली, रेडियन. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा होऊन गेलं होतं. हात तसाच थांबला. मागे घेता आला असता. मी बघितलं, त्यांनीही बघितलं, की घेता येतो. मग त्यांनी आलेखाचं बटण दाबलं आणि मशीन पोरापुढे धरलं. लाट निघाली, डावीकडून उजवीकडे, सावकाश.

अन्वर बघतच राहिला. मग त्यानं भराभरा आणखी दोन-तीन गणितं विचारली. सरांनी ती मशीनशिवायच सांगितली, तोंडी, मान खाली घालून. पोरानं बापाला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी त्याच्या. "अब्बा, आप तो एकदम ठीक हो!" तो इतका आनंदला होता, की मग फोनवर असं का, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. मी वाट बघत होते. सरही बघत होते, मला वाटतं. नाही विचारलं.

डॉक्टरची गरज उरली नाही. कामं खोळंबली होती तिकडे, तर अन्वर चौथ्या दिवशीच निघाला. जाण्याआधी त्यानं एक मात्र केलं. मशीनबरोबर आलेलं जाडजूड माहितीचं पुस्तक त्याच्याकडेच राहिलं होतं, ते त्यानं आणलं होतं. अब्बांच्या हातात देऊन म्हणाला, यात सगळं आहे, आता कोणाला विचारायची गरजच पडणार नाही. इतक्या प्रेमानं दिलं, की सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

पुढचे रविवार तुम्हाला सांगायला नकोत. तब्येत, जेवण, थंडी. मशीन ते वर्गात नेत राहिले, शिकवणं तसंच, बरोबरची चिन्हं तशीच एकाखाली एक. फक्त सेल उन्हात घातले की राखण बसायचे नाहीत. ठेवून निघून जायचे. मला ते बघवत नसे. मी एकदा स्वतःच जाऊन बसले, आणि माझ्यावर पोरं हसली.

माझी बदली चंद्रपूरला झाली, त्यासाठी मी काय काय उंबरे झिजवले होते ते माझं मला ठाऊक. निघाले तो रविवारच होता. ट्रंक बसच्या टपावर चढवली. बस सुटायला वेळ होता म्हणून मी राजन्नाच्या बाकड्यावर टेकले. फोन आलेला होता, सर आत होते.

"हां बेटा. सब ठीक. ... नहीं, नहीं, कुछ नहीं अटका. किताब है ना. सब आता है मुझे."

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. ते बाहेर आले, माझ्याशेजारी बसले. राजन्नाच्या पंख्याकडे बघत राहिले. निरोपाचं काही बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते. मराठीची बाई मी, पण एक शब्द सापडेना. मग त्यांनीच खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, जाता जाता काई तरी विचारा ना मले."

कंडक्टरनं शिट्टी मारली. मी मशीन त्यांच्या मांडीवरून उचललं, रुमाल सोडला, आणि मला जेवढी बटणं आठवत होती तेवढी दाबली. म्हटलं, "सर, ही रेघ सरळच काऊन येऊन राह्यली हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं, मला कळलं. मग त्यांनी मशीन माझ्या हातून घेतलं, सदऱ्याची घडी नीट केली, माझ्याकडे वळून बसले आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, की कोन म्हणजे काय, तो मोजायचा कसा, आपण अंश का धरतो. दुसरी शिट्टी झाली. मी उठले तसे तेही उठले, सायकल घेऊन, बोलता बोलता. मी खिडकीशी बसले तर खाली उभे राहून बोलतच होते. बस हलली. ते सोबत चालायला लागले, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातानं मशीन उंच माझ्या खिडकीशी धरलेलं. पडद्यावर रेघ निघत होती. अर्ध्यावर आली होती, अजून पुरी व्हायची होती, आणि ते खालून म्हणत होते, बघा, आता वर जाईन, थांबा, आता जाईन.